कोरं लायसन

चिखलटोल्याच्या अनुसयाबाईला अक्षरओळख नव्हती. कागद पुढे आला की तिचा अंगठा पुढे व्हायचा. पण दारू पिऊन मोटार हाकणाऱ्याला सरकार काय करतं, हे तिच्याइतकं गोंदियाच्या निम्म्या वकिलांनाही ठाऊक नसेल. कायदा काही तिनं हौसेनं पाठ केला नव्हता. नवरा गमावून शिकली होती, आणि एवढी फी भरून शिकलेला धडा माणूस विसरत नाही.

सन एक्केचाळीसचा माघ महिना. तिरोड्याचा बाजार करून नवराबायको बैलबंडीनं परत येत होती. केशोराव पुढे कासरा धरून, अनुसयाबाई मागे मिठाच्या पोत्याला टेकून. गावाजवळ रस्ता तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून जातो. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धानाची खोल बांधी, आणि मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. भरदुपारी मागून भैय्यालाल शेठची उतारूंची मोटार आली. भोंगा नाही, काही नाही. बंडी बैलांसकट पाळीवरून खाली गेली. एका बैलाची मान मोडली आणि केशोराव बंडीच्या चाकाखाली सापडला. पाणी मागायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

अनुसयाबाई बाजूच्या धसकटांत पडली होती. डोळे उघडले तर ड्रायव्हर टिकाराम तिच्या तोंडावर वाकलेला. ‘‘बाई, लागलं का तुमाले?’’ एवढंच त्यानं विचारलं. त्या चार शब्दांबरोबर मोहाच्या दारूचा असा भपकारा आला की तो तिच्या नाकात कायमचा बसला.

ठाण्यातून जमादार आला तो दिवस कलल्यावर. तोवर टिकारामनं तळ्यात आंघोळ केली होती, भाकर खाल्ली होती, वर दोन पानं चघळली होती. उरलं काय? अनुसयाबाईचं नाक.

त्या नाकावर गोंदियाच्या कोर्टात खटला उभा राहिला. शेठनं मोठा वकील दिला होता. तो तिच्यावर ओरडला नाही, डाफरला नाही. माहेरचा माणूस विचारपूस करतो तसं गोड बोलला.

‘‘बाई, तुमच्या घरी मोहाचा लाटा करतात?’’

मोहफुलं भाजायची, तीळ घालायचे, उखळात कुटायचं, की झाला लाटा. तिकडे तो घरोघरी होतो. ‘‘करतो ना,’’ ती म्हणाली.

‘‘खाल्ल्यावर तोंडाला वास येतो?’’

‘‘येते.’’

‘‘मोहाचाच?’’

‘‘मोह खाल्ला तं मोहाचाच येईल. दुसरा कायचा येईल?’’

कोर्टात हशा पिकला. वकीलही हसला. मग त्यानं आवाज खाली आणला. ‘‘आरोपी म्हणतो, त्यानं सकाळी लाटा खाल्ला होता. तुम्हाला आला तो वास लाट्याचा होता की दारूचा, हे देवाची शपथ घेऊन सांगता येईल?’’

अनुसयाबाईला आतून पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि देवाची शपथ वेगळी, असं तिच्या बापानं तिला शिकवलं होतं. वास आला त्या घडीला ती अर्धवट शुद्धीत होती, आणि आता समोर देवाचं नाव होतं. ‘‘शपथेवर नाही सांगता येत,’’ ती म्हणाली. खरं बोलली आणि घात झाला.

दारूचा आरोप तिथंच गळून पडला. बैल बुजले होते, असंही वकिलानं कुणाकडून तरी वदवून घेतलं. टिकारामला निष्काळजीपणाबद्दल दंड झाला, शेठनं तो उभ्या उभ्या भरला, आणि दुसऱ्या दिवशी मोटार चिखलटोल्याच्या पाळीवरून पुन्हा धुरळा उडवत गेली.

कोर्टातला शिपाई केवळराम अनुसयाबाईच्या माहेरगावचा. पायरीवर बसलेल्या तिला त्यानं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि समजूत घातली. ‘‘अगदीच सुटला नाही तो, अनुसया. त्याच्या लायसनवर साहेबानं शेरा मारला. जितं जाईल तितं तो शेरा त्याच्यासंगं जाईल.’’

‘‘काय लिवलं त्यात?’’

‘‘कलम, तारीख, दंड.’’

‘‘अन् त्याईचं नाव?’’ नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

‘‘मेलेल्याचं नाव नसते त्यात.’’

तिनं मान हलवली. नाव नाही तर नाही, पण तिचा माणूस या टिकारामच्या हातून गेला याची जगात एवढी एक ओळ तरी शाईनं लिहिलेली होती. ती उठणार तोच केवळराम आणखी बोलून गेला, आणि त्या बोलण्यानंच पुढचं सगळं घडलं. तो म्हणाला, ‘‘अन् तीन वर्षं नीट वागला, दुसरा शेरा नाही आला, तं मंग त्याले कोरं लायसन भेटते.’’

‘‘कोरं म्हणजे?’’

‘‘म्हणजे जसं काही झालंच नाही.’’

अनुसयाबाईनं तांब्या खाली ठेवला. ‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘पिऊन मोटार चालोली अन् सापडला, तं काय होते? नीट सांग.’’

केवळरामनं सांगितलं. डॉक्टरनं तपासून प्यालेला म्हटलं पाहिजे. मग जेल होते आणि साहेब लायसन काढून घेऊ शकतो. मोटार हललीच पाहिजे असंही नाही. पिऊन चाकावर बसला, चालवायला निघाला, तरी गुन्हा तोच. तिनं ते त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं आणि घरी निघाली.

तिचं घर पाळीच्या टोकालाच होतं. मोटार रोज दारावरून जायची, सकाळी तिरोड्याकडे आणि दुपारी गोंदियाकडे. पुढे लढाईमुळे पेट्रोल मिळेना तेव्हा शेठनं मोटारीच्या पाठीवर कोळशाचं पिंप बसवलं. ती कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार म्हणजे दम्याची म्हातारी. पाळ चढली की धापा टाकायची, आणि मग पिंपातली राख ढवळून, पाणी भरून, वीस मिनिटं थांबल्याशिवाय पुढे पाऊल टाकायची नाही. ती थांबायची नेमकी अनुसयाबाईच्या अंगणासमोर. विहीर तिथंच होती ना.

पहिल्या दिवशी टिकाराम बादली घेऊन आला तेव्हा त्याची मान वर झाली नाही. अनुसयाबाईनं स्वतः पोहरा ओढून दिला. गावाला नवल वाटलं. कुणी म्हणालं, बाईचं काळीज मोठं. काळीज मोठंच होतं, पण त्यात काय शिजत होतं ते गावाला दिसत नव्हतं. पोहरा देताना ती एक पाऊल पुढे सरके आणि त्याचा श्वास हुंगे.

वास येईना. महिना गेला, पावसाळा गेला, धान कापून खळ्यावर आलं. बिडीचा वास येई, घामाचा येई, कोळशाचा येई. मोहाचा येईना. पोळ्याला नाही, दिवाळीला नाही, होळीला सगळं गाव लोळत असताना नाही. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. अनुसयाबाईच्या तळपायाची आग मस्तकात जाई. माणूस मारून हा शहाणा झाला होता, आणि शहाणपणाचं बक्षीस म्हणून सरकार त्याला कोरं लायसन देणार होतं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एक दिवस तो बादली भरून गेला नाही, तिथंच घुटमळला. ‘‘बाई,’’ तो म्हणाला, ‘‘एक सांगाचं होतं. त्या दिवसापासून मी दारूले शिवलो नाही. लेकीच्या लग्नातही नाही.’’

‘‘कायले शिवला नाहीस?’’

‘‘शिवलोच नसतो तं तुमचं घर बुडालं नसतं. त्या दिवशी भट्टीवर दोन घेतल्या होत्या. कोर्टात लाटा म्हणालो. शेठनं जसं शिकोलं तसं बोललो.’’ तो रडत होता.

तो पश्चात्तापानं बोलला असेल. खरंच तसं होतं, असं मलाही वाटतं. पण अनुसयाबाईला ऐकू आलं ते एवढंच, की वास दारूचा होता. तिचं नाक खरं होतं, तिनं देवाच्या भयानं तोंड मिटलं, आणि या माणसानं त्याच कोर्टात देवाचं भय न धरता लाटा सांगितला. तिनं पोहरा विहिरीत सोडला आणि शांतपणे म्हणाली, ‘‘झालं ते झालं.’’ त्या रात्री तिला दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. काय करायचं ते तिनं ठरवलं होतं.

त्या मुलखात दोन घरांचं वैर मिटवायची एक रीत होती. पंचासमोर पळसाच्या पानांचे तीन द्रोण मोहाच्या दारूनं भरून मांडायचे. पहिला मेलेल्याच्या नावाचा, दुसरा ज्याचं घर बुडालं त्याच्या नावाचा, तिसरा ज्याच्या हातून बुडालं त्याच्या नावाचा. तिन्ही द्रोण गुन्हेगारानं रिकामे करायचे, थेंब ठेवायचा नाही. मग वैर मोडलं. पुढे त्या गोष्टीवरून कुणी तोंड उघडायचं नाही. आणि द्रोण नाकारला, तर वैर ठेवायचं आहे असा त्याचा अर्थ. तीन तीन पिढ्यांची भांडणं त्या द्रोणांनी मिटलेली लोकांनी पाहिली होती. द्रोणावर कुणी खोटं बोलत नसे.

चव्वेचाळीसचा फाल्गुन आला. कोरं लायसन मिळायला महिनाभर उरला होता. त्याच सुमारास हैजाच्या, म्हणजे पटकीच्या सुया टोचायला सरकारी डॉक्टर चिखलटोल्यात आला आणि शाळेत उतरला. अनुसयाबाई उठली ती गावचा जुना पंच उमराव याच्याकडे गेली. ‘‘मामाजी, टिकारामशी वैर मोडाचं आहे. उद्या दुपारी मोटार आली का द्रोण मांडू.’’ म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘‘मोठ्या मनाची आहेस, पोरी,’’ तो म्हणाला. तिनं मान खाली घातली.

तिथून ती तिरोड्याला गेली. सरकारी भट्टीवरून पहिल्या धारेची बाटली घेतली आणि ठाण्यात जाऊन जमादारासमोर उभी राहिली. तोच जमादार, उशिरा आलेला. ‘‘उद्या दुपारी माझ्या दारी मोटारीचा ड्रायव्हर पिऊन चाकावर बसन. तवा वेळेवर नाही आले. उद्या तरी या.’’ जमादार हसणार होता, पण तिच्या तोंडाकडे पाहून त्याचं हसू जिरलं.

दुसऱ्या दिवशी मोटार अंगणासमोर थांबली. आत वीसेक उतारू होते. अंगणात उमराव घोंगडीवर बसलेला, पुढ्यात तीन द्रोण. टिकाराम बादली घेऊन आला आणि द्रोण बघून जागीच थांबला. ते कशाचे आहेत हे त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं बादली ठेवली, अनुसयाबाईच्या पायांशी डोकं टेकवलं. मग म्हणाला, ‘‘बाई, मोटार भरून आहे. संध्याकाळी येतो. पायी येतो, गोंदियाहून चालत येतो. तवा घेतो.’’

सांगायला हवं, की त्या क्षणी अनुसयाबाईचं मन हललं होतं. माणूस भला बोलत होता. पण संध्याकाळी तो पायी आला असता, म्हणजे चाकावर बसला नसता.

‘‘मांडलेला द्रोण वाट पाहत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘वैर ठेवाचं असन तं जा.’’

उमरावही म्हणाला, ‘‘घे रे. रीत आहे. तीन द्रोणानं काय होते?’’

तीन वर्षं कोरडं राहिलेल्या पोटात, भर उन्हात, पहिल्या धारेच्या तीन द्रोणांनी काय होतं ते उमरावला ठाऊक नसेल असं नाही; पण म्हातारा आनंदात होता. टिकारामनं पहिला द्रोण उचलला. दुसरा उचलला. तिसरा संपवून त्यानं द्रोण उपडा केला, थेंब पडला नाही. ‘‘वैर मोडलं?’’ त्यानं विचारलं.

‘‘मोडलं,’’ अनुसयाबाई म्हणाली.

तिकडे उतारू ओरडायला लागले होते, उशीर झाला म्हणून. वेळ चुकली की शेठ नोकरीवर ठेवत नसे. टिकाराम डोळे पुसत गेला, इंजिन सुरू केलं, चाकावर बसला. पण मोटार पुढे जाईना. पाळीवर मधोमध बैल सोडलेली बंडी आडवी उभी होती. अनुसयाबाई सुडानं पेटली होती, वेडी झाली नव्हती. मोटारीतल्या एकाही माणसाचं रक्त तिला नको होतं. टिकाराम भोंगा वाजवत राहिला. वाजवता वाजवता त्याला हसू यायला लागलं, मग रडू. तेवढ्यात चिंचेच्या झाडामागून जमादार आला आणि शाळेतून त्यानं सांगून ठेवलेला डॉक्टर.

डॉक्टरनं धुळीत काठीनं रेघ ओढली आणि तिच्यावरून चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला टिकाराम बसला. बसल्या बसल्या त्यानं अंगणाकडे पाहिलं. अनुसयाबाई दारात उभी होती. तिनं नजर हटवली नाही.

कोर्टात पुन्हा तोच वकील होता. त्यानं पुन्हा लाट्याचं काढलं. पण आता डॉक्टरचा कागद होता, आणि पिंजऱ्यात अनुसयाबाई होती. ‘‘लाटा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्या धारेची. म्याच आणली, म्याच ओतली, माझ्यासमोर तीन द्रोण पेला. देवाची शपथ.’’

‘‘म्हणजे तुम्ही त्याला जाणूनबुजून पाजलीत?’’

‘‘हो. जाणून.’’

साहेबानं तिला चार खडे बोल सुनावले. पण दारू सरकारी भट्टीची होती, आणि पिऊन चाक काही तिनं धरलं नव्हतं. टिकारामला तीन महिन्यांची जेल झाली, आणि लायसन कोर्टानं ठेवून घेतलं. काही सांगायचं आहे का, असं साहेबानं त्याला विचारलं. तो साहेबाशी बोललाच नाही. अनुसयाबाईकडे वळला. ‘‘बाई, वैर मोडलं म्हणाल्या होत्या. तेवढं तरी खरं होतं का?’’

देवाची शपथ अजून तिच्यावर होती. ‘‘नाही,’’ ती म्हणाली.

भिंतीशी बसलेल्या उमरावनं ते ऐकलं. म्हातारा उठून बाहेर गेला. त्या दिवशी मोटारीला ड्रायव्हर नव्हता. सगळं गाव गोंदियाहून पायी परतलं, आणि वाटेत तिच्याशी एकही माणूस बोलला नाही.

चिखलटोल्यात मग द्रोण मांडणं बंद पडलं. त्या वर्षी बांधाच्या वादात दोन भावांनी उमरावला तोंडावर सांगितलं, ‘‘द्रोणाचा काय भरोसा? उद्या चिंचेमागून जमादार निघन.’’ म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. बायका अनुसयाबाईच्या विहिरीवर येईनाशा झाल्या, लग्नाची हळद तिच्या दाराशी थांबेना. तिच्या हातचा पाण्याचा पेलासुद्धा कुणी घेईना.

ती पस्तावली असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल, पण ती पस्तावली नाही. ती दारात बसे आणि नवा ड्रायव्हर पाळीवर मोटार कशी हळू घेतो ते बघे. चिखलटोल्याच्या पाळीवर काय होतं, हे आता लाइनवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं.

टिकाराम सुटून आला. चाकाशिवाय दुसरी विद्या त्याच्या हातात नव्हती. त्यानं भाड्यानं एक बंडी धरली आणि धानाची पोती तिरोड्याला न्यायला लागला. वाट तीच. एकदा सकाळच्या उन्हात तो पाळीवर असताना मागून मोटारीचा भोंगा वाजला. अनुसयाबाईनं दारातून पाहिलं. टिकारामनं कासरा असा खेचला की बैल गुडघ्यावर आले. बंडी पाळीच्या अगदी कडेला गेली, एक चाक अर्धं बाहेर. मोटार निघून गेली तरी तो तसाच कासरा धरून बसला होता. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं तो बंडी हाकत अंगणासमोर आला आणि उतरला. बैलांच्या तोंडाला फेस होता. ‘‘पाणी पाहिजे,’’ तो म्हणाला.

किती महिन्यांनी तिच्या दारात कुणी पाणी मागत होतं. ती लगबगीनं उठली, बादली भरली, आणि तिचं तिलाच कळलं नाही, पण घरातून घासलेला पितळी पेलाही भरून आणला.

टिकारामनं बादली घेतली. दोन्ही बैलांना पोटभर पाजलं. पेल्याकडे त्यानं पाहिलं. त्याचे ओठ उन्हानं फुटले होते.

‘‘बैल पेतात, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘त्याईले माहीत नाही.’’

त्यानं रिकामी बादली विहिरीच्या काठावर ठेवली, बंडीवर चढला आणि तिरोड्याच्या वाटेला लागला. अनुसयाबाई भरलेला पेला हातात धरून उभी राहिली, आणि मग तिनं तो स्वतःच प्यायला.